कार्यालयीन वेळेनंतर ई-मेल पाठवण्याचा नियम कसा करावा?

संगम माहुली (सातारा) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

सातारा औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी प्रशासनाचे काम पाहते. कामगारांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि पाळी संपली की त्यांचा कामाशी संबंध दुसऱ्या दिवसापर्यंत सुटतो. परंतु खरेदी, विक्री, गुणवत्ता आणि लेखा या विभागांतील मंडळी सायंकाळी साडेपाचला कार्यालयातून बाहेर पडली तरी त्यांच्या मोबाइलवर रात्री दहा-साडेदहापर्यंत कामाचे ई-मेल येत राहतात. यावरून गेले काही महिने कुरबुरी चालू होत्या. आता व्यवस्थापनाने या संदर्भात लेखी नियम करण्याचे ठरवले असून त्याचा मसुदा तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

विभागप्रमुखांचे म्हणणे असे की, ई-मेल म्हणजे फोन नव्हे. तो ज्याने त्याने आपल्या सोयीने वाचावा, रात्री पाठवला म्हणून रात्रीच उत्तर द्या असे कोणी सांगितलेले नाही, आणि दिवसभर कारखान्यात फिरणाऱ्या माणसाला शांतपणे लिहिण्याची वेळ संध्याकाळीच मिळते. कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. साहेबांचा ई-मेल आला आणि तो सकाळपर्यंत तसाच ठेवला, असे करण्याचे धैर्य आपल्याला होत नाही, आणि एकाने रात्री उत्तर दिले की बाकीचे आपोआप आळशी ठरतात, असे ते सांगतात. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते.

त्यात आमच्या दोन अडचणी आहेत. आमचा काही माल जर्मनीला जातो आणि तिकडचे ई-मेल आमच्याकडे संध्याकाळीच येतात. दुसरे असे की, औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्यामुळे आमच्या सुट्टीच्या दिवशी बँका आणि पुरवठादार यांचे काम चालू असते आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आमचे. अशा परिस्थितीत बंदी पाठवण्यावर घालावी, की उत्तर न देण्याची मुभा द्यावी? ज्यांनी असे नियम केले आहेत किंवा पाळले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

कृष्णाकाठ (सांगली)

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

आपण विचारलेला प्रश्न अनेक देशांतील कायदे करणाऱ्यांसमोरही याच स्वरूपात आला आणि त्यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली, ती मसुदा करताना उपयोगी पडतील. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाट करणे बंधनकारक केले. तास कोणते आणि अपवाद कोणते, हे मात्र त्या त्या कंपनीवर सोडले. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस केलेल्या दुरुस्तीत जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली, म्हणजे टाळता न येणारे कारण नसेल तर विश्रांतीच्या वेळेत मालकाने कर्मचाऱ्याशी संपर्कच साधू नये असे बंधन घातले. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेला कायदा याहून वेगळा आहे. तेथे पाठवण्याला मनाई नाही. परंतु वेळेबाहेर आलेला संदेश न पाहण्याचा आणि त्याला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे, आणि तो नकार अवाजवी आहे की नाही हे ठरवताना संपर्काचे कारण, त्याची पद्धत, कर्मचाऱ्याच्या पदाची जबाबदारी, त्या वेळेसाठी त्याला काही मोबदला मिळतो का आणि त्याच्या घरच्या जबाबदाऱ्या कोणत्या आहेत, हे सर्व पाहिले जाते.

आपल्याकडे असा कायदा नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक) मांडले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. परंतु १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे लक्षात घेता कारखान्याने कायद्याची वाट न पाहता आपला नियम स्वतः करावा हेच योग्य. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आपल्या औद्योगिक जीवनात रुजलेले आहे. पाळीतील कामगाराला आपण जो न्याय लावतो, तो कार्यालयातील लिपिकाला केवळ त्याचे काम मोबाइलवर होते म्हणून नाकारावा, याला मला तरी काही आधार दिसत नाही.

माझे मत असे आहे की, नियम सर्वांना सारखा करू नये. कनिष्ठाने रात्री वरिष्ठाला अहवाल पाठवला तर कोणाची झोप उडत नाही. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांना पाठवले तर तेही आपापसांत निभावून नेतात. वरून खाली आलेला ई-मेल मात्र, त्यातील भाषा कितीही सौम्य असली तरी, वाचणाऱ्याला आदेशच वाटतो, कारण पगारवाढ आणि गोपनीय अहवाल पाठवणाऱ्याच्या हातात असतात. ‘सवडीने पाहा’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनात खरे असतात, पण वाचणारा त्यांवर किती विसंबून राहू शकतो हे त्याच्या पदावर अवलंबून असते. म्हणून ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याने वेळेबाहेर खालच्या दिशेने ई-मेल पाठवू नये, एवढाच बंधनकारक नियम करावा आणि बाकीच्यांवर बंधन घालू नये.

विभागप्रमुखांची संध्याकाळी लिहिण्याची गरज खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. त्यांनी खुशाल लिहावे आणि सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवावी. जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे, आउटलुकमध्ये ती ‘डिले डिलिव्हरी’ या नावाने त्याच्याही पूर्वीपासून आहे. एक तांत्रिक गोष्ट मात्र आपल्या संगणक विभागाकडून तपासून घ्यावी: लहान कंपन्यांत बहुधा असतात तशी पॉप किंवा आयमॅप पद्धतीची (सर्व्हरवरील ई-मेल संगणकावर आणण्याच्या या दोन पद्धती) खाती जुन्या आउटलुकमध्ये जोडलेली असली, तर वेळ लावलेला ई-मेल त्याच संगणकावर ‘आउटबॉक्स’मध्ये थांबतो आणि आउटलुक उघडे असेल तेव्हाच जातो. संगणक बंद करून घरी गेलेल्या अधिकाऱ्याचा सकाळी नऊचा ई-मेल तो साडेदहाला येऊन संगणक चालू करेपर्यंत निघत नाही.

मिरज जंक्शन

कृष्णाकाठ यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु एका गोष्टीवर मला आग्रहाने लिहावेसे वाटते. वेळेबाहेरचे काम म्हणजे नेहमी अन्यायच असतो, असे गृहीत धरून नियम केला तर तो माझ्यासारख्या अनेक स्त्रियांच्या मुळावर येईल.

मी मिरजेत एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. दुपारी मुलांच्या शाळेच्या वेळेला मी घरी जाते आणि ते दोन तास रात्री, मुले झोपल्यावर, भरून काढते. ही सवलत मी मागून घेतलेली आहे आणि तिच्यामुळेच मला नोकरी टिकवता आली. उद्या आमच्या कार्यालयाने रात्री आठनंतर सर्व्हरच बंद ठेवायचे ठरवले, तर माझी नोकरी अर्धवेळ होईल. फोक्सवागनने २०११ मध्ये जर्मनीत काही कर्मचाऱ्यांसाठी असेच केले होते. पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्या फोनवर ई-मेल जाणे थांबे आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होई. ठरलेल्या पाळीत काम करणाऱ्यांना ते सोयीचे असेलही, पण ज्यांनी आपली वेळ आपल्या घराप्रमाणे आखून घेतली आहे, त्यांना अशी यंत्रणा बाहेर ढकलते. म्हणून पाठवणाऱ्याने केव्हा लिहावे यावर कृपया काहीही बंधन नको. पोहोचण्याच्या वेळेपुरतेच ते असावे.

दुसरा मुद्दा आपल्या लेखा विभागासाठी आहे. आमच्या कामात तारखा सरकारने ठरवलेल्या असतात. उद्गम करकपातीची (टीडीएस) रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, मासिक पद्धतीत जीएसटीआर-१ हे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र ११ तारखेपर्यंत, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांची रक्कम १५ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र २० तारखेपर्यंत. १९ तारखेच्या रात्री अकरा वाजता ‘अमुक बिल कुठे आहे’ असा ई-मेल जातो, तेव्हा त्याला कोणी उद्धटपणा म्हणेल आणि कोणी नाइलाज म्हणेल. मी पाहिले आहे ते असे की, त्या रात्रीच्या ई-मेलचे कारण जवळजवळ नेहमी पंधरा दिवसांपूर्वीच्या एखाद्या दुपारी सापडते. खरेदी विभागाने बिले टेबलावर ठेवून दिली, गोदामाने माल मिळाल्याची नोंद उशिरा केली, कोणी तरी कोणाला तरी आठवण करायची राहून गेली. ज्या कार्यालयात मागील महिन्याची सर्व बिले ५ तारखेला लेखा विभागात पोहोचतात, तेथे १९ तारखेची रात्र इतर रात्रींसारखीच जाते. आपण नियमाच्या मसुद्यात ही अंतर्गत तारीख घातली, तर वेळेबाहेरचे निम्मे ई-मेल लिहिण्याची गरजच उरणार नाही, असे मला मनापासून वाटते.

कराडकर

मी कराडमध्ये घरून काम करतो आणि माझी कंपनी अमेरिकेतील आहे, त्यामुळे जर्मनीच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वेळेतील फरक हे रात्री उत्तर देण्याचे कारण म्हणून सर्वत्र सांगितले जाते आणि तुमच्या बाबतीत ते कारण, हिशेब मांडून पाहिला तर, टिकत नाही.

आपण जर्मनीच्या पुढे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असतो. तिकडे दुपारी चार वाजता लिहिलेला ई-मेल आपल्याकडे संध्याकाळी साडेसात किंवा साडेआठला येतो. त्याला आपल्या माणसाने रात्री नऊ वाजता उत्तर दिले, तरी तिकडच्या अधिकाऱ्याची घरी जाण्याची वेळ झालेली असते आणि तो ते दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचतो. तेच उत्तर आपण दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत पाठवले, तर त्या वेळी जर्मनीत उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे तो कार्यालयात पोहोचण्यापूर्वी उत्तर त्याच्यासमोर हजर असते. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्हींत काहीच फरक पडत नाही. आपल्या माणसाच्या दृष्टीने मात्र एक अख्खी संध्याकाळ वाचते, आणि सकाळच्या ताज्या डोक्याने, गुणवत्ता विभागाला विचारून दिलेले उत्तर अधिक अचूकही असते.

म्हणून माझी सूचना अशी की, जर्मन ग्राहकांना एकदा स्पष्ट आणि नम्र शब्दांत कळवावे की, आपल्या कार्यालयाच्या वेळेनंतर आलेल्या पत्राचे उत्तर त्यांना दुसऱ्या कामाच्या दिवशी त्यांचे कार्यालय उघडण्यापूर्वी मिळेल. जर्मनीत स्वतःच्याच लोकांच्या विश्रांतीबद्दल एवढी जागरूकता आहे की, डाइम्लर या मोटार कंपनीने २०१४ मध्ये रजेवरील कर्मचाऱ्याला आलेले ई-मेल आपोआप पुसून टाकण्याची आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या कोणाशी बोलावे ते कळवण्याची सोय केली होती. अशा देशातील ग्राहक तुमची वेळ समजून घेणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या थोड्या गोष्टी खरोखर समोरासमोर बोलाव्या लागतात, त्यांच्यासाठी आपली दुपारी दीड ते साडेपाच ही वेळ बाराही महिने दोन्हीकडे कामाची असते.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, त्यामुळे तेथे संध्याकाळचे काम टाळता येत नाही. ते पगारात आणि वेळापत्रकात मोजून घ्यावे लागते. मी दुपारी एक वाजता काम सुरू करतो. माझ्या बाबतीत सकाळी नऊचा ई-मेल हाच वेळेबाहेरचा असतो, हेही नियम करताना ध्यानात ठेवावे. ‘कार्यालयाची वेळ’ असे मोघम न लिहिता प्रत्येक पदाची वेळ लिहून ठेवावी. उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे-मागे करण्याचे दिवसही दोन्हीकडे वेगळे आहेत: अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, युरोपात मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. त्या मधल्या आठवड्यांत बैठकांच्या वेळा हमखास चुकतात.

हळदपेठ (सांगली)

थोडक्यात लिहितो. तातडीची गोष्ट ई-मेलने कळवू नये, ही नियमातील पहिली ओळ असावी.

मी सांगलीत माल साठवणुकीच्या व्यवसायात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेले. अशा दिवसांत रात्री दोन वाजता फोन करून माल वरच्या मजल्यावर हलवा असे सांगणाऱ्यावर कोणीही रागावत नाही, उलट त्याचे उपकार मानतात. तीच सूचना ई-मेलने आली असती तर सकाळी पाण्यात उभे राहून ती वाचावी लागली असती. ज्याला रात्री उत्तर हवेच आहे त्याने फोन उचलावा आणि स्वतःच्या आवाजात बोलावे. फोन करताना माणसाला संकोच वाटतो आणि तो संकोच फार उपयोगी आहे, कारण खरेच एवढी घाई आहे का, याचा विचार करायला तो भाग पाडतो. ई-मेल पाठवताना असा अडसर काहीच नसतो.

आणि व्हॉट्सअॅपच्या गटांबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. आमच्या भागातील कार्यालयांत रात्रीचा खरा त्रास त्या गटांचा आहे. ई-मेलवर बंधन आले की तोच मजकूर गटावर येऊन पडतो. तेथे तर कोणी वाचले आणि कोणी वाचले नाही, हेही पाठवणाऱ्याला दिसते. नियमात दोन्हींचा उल्लेख एकाच वाक्यात करा, नाहीतर तुमची सर्व मेहनत वाया जाईल.

संगम माहुली (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जर्मनीच्या वेळेचा हिशेब मी आजच विक्री विभागापुढे मांडला आणि सकाळी अकरापर्यंत उत्तर देण्याची पद्धत एक महिना करून पाहण्यास ते तयार झाले आहेत. व्हॉट्सअॅपचा उल्लेख आणि बिलांची ५ तारीख हे दोन्ही मसुद्यात घेतले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सगळ्यांनीच सकाळी नऊची वेळ लावून ठेवली, तर नऊ वाजता एकदम वीस-पंचवीस ई-मेल येऊन पडतील आणि लोकांचा सकाळचा पहिला तास त्यातच जाईल, त्याचे काय करावे? आणि माहितीसाठी ज्यांना प्रत जाते त्यांचे काय? मुख्य पत्र ग्राहकाला असते, ते रात्री जाणे कधीकधी आवश्यकही असते, पण प्रत मात्र पाच कनिष्ठांच्या मोबाइलवर वाजते.

कृष्णाकाठ (सांगली)

सकाळच्या गर्दीवर आम्ही साधा उपाय केला होता. विभागप्रमुखाने रात्री लिहिलेले मुद्दे माणसागणिक एकत्र करायचे, म्हणजे एका व्यक्तीला पाच निरनिराळे ई-मेल न जाता पाच मुद्द्यांचा एकच जातो, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तो केव्हापर्यंत हवा आहे ती तारीख लिहायची. वेळही नऊची न लावता साडेनऊ-पावणेदहाची लावावी, म्हणजे माणसाला येऊन बसायला आणि कालचे अर्धवट काम हातात घ्यायला अवधी मिळतो. सकाळी आल्यावर तो ई-मेल जाण्यापूर्वी पाठवणाऱ्याने एकदा वाचावा, हेही आवश्यक आहे, कारण रात्रीत कोणी तरी ते काम पूर्ण केलेले असू शकते आणि मग ते पुन्हा मागणारे पत्र वाचून त्या माणसाच्या मनाला लागते.

प्रतींबद्दल मी कडक राहावे असे सुचवीन. वेळेबाहेर ग्राहकाला पत्र पाठवावेच लागले, तर ते फक्त ग्राहकाला जावे आणि त्याची प्रत संबंधितांना सकाळी स्वतंत्रपणे पुढे पाठवावी. यात पाठवणाऱ्याचे एक मिनिट जास्त जाते. ‘सर्वांना उत्तर’ हे बटण संध्याकाळी साडेपाचनंतर अंतर्गत पत्रव्यवहारात वापरू नये, असे मसुद्यात स्पष्ट शब्दांत लिहा. आमच्याकडे बहुतेक तक्रारी त्या एका बटणावरून येत असत.

शेवटी सुट्टीच्या दिवसाचे. तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही, हे पुरवठादारांना ठाऊक असेल असे धरून चालू नका. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या ई-मेलच्या तळाशी नाव आणि पदाखाली त्याच्या कामाच्या वेळा आणि सुट्टीचा वार एका ओळीत छापला जाईल अशी व्यवस्था करा, आणि सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्या आपोआप उत्तरात तातडीसाठी एकच दूरध्वनी क्रमांक द्या, तोही कोणा व्यक्तीचा नव्हे तर कार्यालयाचा. तो फोन त्या दिवशी कोणी घ्यायचा याची पाळी लावा आणि ज्याची पाळी असेल त्याला बदली रजा द्या. व्यवस्थापन बदली रजेला तयार होते की नाही, यावरून त्यांना हा नियम खरोखर हवा आहे का, ते तुम्हाला मसुद्यावर सही होण्यापूर्वीच कळेल.